एका रात्रीचा दाब

मित्रांनो, तुमच्या हातात एक जाडजूड पुस्तक आहे अशी कल्पना करा. ते उघडा. आता मिटा. नीट मिटले ना, काठाला काठ लावून? ते असे का मिटते, याचा विचार तुम्ही कधी केला नसेल. तुम्हाला करायचे कारणही नाही. तो माझा धंदा आहे.

मी एका बाइंडरच्या दुकानातला जुना शिकंजा आहे. दोन जाड लोखंडी पाट, मधोमध एक स्क्रू आणि डोक्यावर फिरवायचे चाक, एवढाच माझा देह. पुस्तक शिवून झाले, त्याच्या पाठीला खळ लागली, वर पुठ्ठा चढला, की ते ओलसर पुस्तक माझ्या पाटांमध्ये येते. मग रात्रभर मी त्याला धरून ठेवतो. खळ हळूहळू वाळते आणि पुठ्ठा सरळ राहायला शिकतो. एका वेळी आठ पुस्तके आणि पुरी एक रात्र. यात घासाघीस चालत नाही.

बाइंडरांच्या वडिलांनी मला आणले तेव्हा बाइंडर चाकापर्यंत पोचतही नव्हते. पुढे वडील गेले आणि रस्त्याकडे तोंड असलेली दुकानाची ती एकच खोली त्यांच्याकडे आली. खिडकीशी त्यांची बायको पुस्तके शिवत बसे. टेबलाखाली त्यांची मुलगी ठकी अभ्यास करी, कारण टेबलावर तिला जागा नसे. बाइंडर मात्र दिवसभर उभे. जेवणसुद्धा उभ्यानेच. "बसलो तर खळ सुकते," असे ते म्हणत. खरे म्हणजे त्यांना बसायची लाज वाटे.

"काय बाइंडर, आज कोणाची मान शिकंज्यात?" समोरचा न्हावी दुकानातूनच विचारी.

"आमचीच," बाइंडर म्हणत.

न्हावी हसे आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला सांगे, "माणूस नाही हा, घाण्याचा बैल आहे." बाइंडरांना ती शाबासकी वाटे. मला ते ऐकवत नसे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण कुठे पोचत नाही.

एके दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या. वाचनालयाची नवी इमारत उघडायची होती आणि चारशे जुनी पुस्तके बांधून हवी होती, तीही महिन्याभरात. "जमेल ना?" त्यांनी विचारले. बाइंडर म्हणाले, "न जमायला काय झालं?" असे मोठे काम त्या दुकानात कधी आले नव्हते. ते नीट पार पडले तर वाचनालयाचे काम कायमचे मिळणार होते. आणि दुकानाला आताशा दुसरे काम फारसे उरले नव्हते.

बाई गेल्यावर टेबलाखालून ठकीचा आवाज आला. "बाबा, हे बसत नाही."

"काय बसत नाही?"

"शिकंज्यात आठ मावतात. चारशेला पन्नास रात्री लागतील. महिन्यात तीसच असतात."

बायकोने सुई थांबवली. "पोरगी बरोबर बोलतेय. वीस दिवस जास्तीचे मागा. तोंड दिलंय ना देवाने?"

"आज वेळ मागितला, की उद्या काम मागायला जावं लागतं," बाइंडर म्हणाले. "आणि रात्री कमी पडल्या तर दिवस आहेत की. मी काय कष्टाला भितो?"

मित्रांनो, चूक झाली ती इथे. कष्ट म्हणजे आपले हात, असे त्यांना वाटे. मी रात्रभर गप्प उभा असतो, ते त्यांच्या हिशेबी कष्टच नव्हते. "हा नुसता झोपा काढतो," असे ते माझ्याबद्दल गमतीने म्हणत. आता त्यांनी रात्रीची आठ पुस्तके सकाळी काढायची, लगेच दुसरी आठ घालायची आणि तीन-चार तासांत तीही सोडायची, असे सुरू केले. हवा दमट होती. दुपारी माझे चाक उलटे फिरे, तेव्हा आतली खळ अजून ओली असे. मला ते कळत होते, पण मला तोंड नाही. ठकीला तोंड होते. ती एकदा म्हणाली, "बाबा, हात लावून बघा, गार लागतंय." ते म्हणाले, "तू तुझा अभ्यास कर."

त्या महिन्यात त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. पायांना सूज आली. बायकोचे डोळे लाल झाले. इतके कष्ट मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. ठरल्या दिवशी चारशेच्या चारशे पुस्तके वेळेवर गेली आणि न्हाव्याने रस्ता ओलांडून येऊन त्यांची पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी ग्रंथपाल बाई परत आल्या. बरोबर हातगाडी होती आणि तिच्यावर एकशेसाठ पुस्तके. दुपारची सगळी. पुठ्ठे होडीसारखे वाकले होते, एकही पुस्तक मिटत नव्हते.

"तुम्ही कष्ट केले नाहीत असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण लोक विचारतात, ही पुस्तकं अशी जांभई का देतात?"

"फुकट बांधून देतो पुन्हा. सगळी."

"समितीनं काम मोठ्या कारखान्याला दिलंय. ही रद्दीत जातील, म्हणून आधी तुमच्याकडे आणली. हवी तर ठेवून घ्या." त्या दारात थांबल्या. "एकदा वेळ मागून तरी बघायचा होता हो."

मागितला असता तर मिळाला असता का? मला माहीत नाही. बाइंडरांनाही ते आता कधीच कळणार नाही, आणि तेच त्यांना खात राहिले. ही गोष्ट गावभर झाली. उरलेसुरले कामही आटले. आता बाइंडर त्याच कारखान्यात नोकरीला आहेत. तिथे एक यंत्र पुस्तके दाबते आणि ते त्याच्यापुढे नुसते गठ्ठे सरकवतात. घंटा झाली की घरी येतात आणि भिंतीकडे बघत राहतात.

मित्रांनो, कष्टाचे फळ मिळतेच असे तुम्हाला कोणी सांगितले, तर माझी आठवण काढा. लहानसे दुकान चालवणाऱ्याला दोन हातांनी काम करावे लागतेच, पण "एवढे मला झेपणार नाही" हे सांगण्याचे कष्टही त्यालाच घ्यावे लागतात. ते सर्वांत जड असतात आणि त्याबद्दल पाठ कोणीच थोपटत नाही. अशा माणसाला बैल म्हणून नावाजू नका. थकलात का, एवढे विचारा.

आज संध्याकाळी भंगारवाला मला न्यायला आला. बाइंडर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ठकी भंगारवाल्याच्या आधीच आली होती. तिने रद्दीतले एक वाकडे पुस्तक उचलले, पुठ्ठा सोडवला, जुनी खळ खरवडली, नवी लावली आणि पुस्तक माझ्या पाटांमध्ये ठेवले. मग चाकाला लोंबकळून, दोन्ही पाय उचलून, तिने ते फिरवले.

"ए पोरी, सर बाजूला. गाडी खोळंबलीय," भंगारवाला म्हणाला.

"उद्या सकाळी या," ठकी म्हणाली. "आत पुस्तक आहे."

आणि तिने चाकावरचा हात काढला नाही.