बाजूला होणारी वारस

बसा, खुर्ची ओढा. चहा ढवळू नका, आमच्याकडे साई तशीच राहू देतात. एका सहीची गोष्ट सांगतो. माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि मी ती मजा घेत सांगणार आहे. पाप लागलं तर माझं मला.

मी हाब्बो. चाळीस वर्षं भावाच्या गोठ्यात राबलो. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. शेत तोडायचं नाही, एकालाच द्यायचं. बाकीच्यांना कागदावर म्हणतात 'बाजूला होणारे वारस'. किती सभ्य शब्द! जणू आपणहूनच सरकलो. फोक्कोला शेत मिळालं, मला एक सायकल आणि छपराखालची खोली. मला घड्याळं दुरुस्त करायला शिकायचं होतं. आठवीनंतर वडिलांनी हातात खराटा दिला.

फोक्कोची बायको ओक्का. पोरं दोन. थोरला रेंको, तो वारस. त्याला शेतकीच्या कॉलेजात पाठवलं, शहरात खोली, वर गाडी. धाकटी टोमा. ती पहाटे दूध काढायची, मग बस गाठून शाळेत. गाय अडली की डॉक्टरच्या आधी हाक तिला. शेवटच्या परीक्षेत असे गुण पाडले की हानोव्हरला जनावरांच्या डॉक्टरकीची जागा मिळाली.

एका सकाळी न्याहारीला तिनं कागद बापापुढे सरकवला.

"बाबा, फी जवळजवळ नाहीच. खोली आणि जेवण तेवढं. आपली तंगी आहे म्हणून ते सरकार देईल. फक्त यावर तुमचं उत्पन्न लिहा आणि सही करा."

फोक्को पावाला लोणी लावत राहिला. "माझं उत्पन्न मी कुणाला दाखवत नाही."

"ऑफिसातल्या बाईला फक्त."

"ती बाई म्हणजे उकेनाची सून. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला पाठ होईल."

खरं सांगू? दुधाचा भाव पडला होता. दोन वर्षं फोक्कोच्या हाती काही उरत नव्हतं. पण रविवारी चर्चबाहेर तो अजून अशी टोपी उचलायचा की जणू समुद्राच्या बांधापर्यंतचं गवत त्याचंच. तो एवढासा आकडा स्वतःच्या हातानं लिहायचा? त्यापेक्षा पोरगी गोठ्यात राहिलेली परवडली. गडी ठेवायचा खर्चही वाचला.

"आणि शिकून करणार काय?" तो म्हणाला. "चार-पाच वर्षांत कुणाच्या तरी शेतावर सून म्हणून जाशील. तुझं कपाट लग्नाच्या चादरींनी भरलेलं आहे."

"गाय अडली की चादरी पांघरू का तिच्यावर?" टोमा म्हणाली.

मी हसलो. फोक्कोनं माझ्याकडे पाहिलं, मी चहात पाहिलं. ओक्का बशा उचलू लागली. मला वाटलं, नेहमीसारखं गिळलं असेल. चुकलो मी.

टोमा एकटीच ऑफिसात गेली. बाई म्हणाली, बाप भरत नसेल तर तसं लिहून दे. आम्ही तुला पैसे देऊ आणि बापाच्या मागे लागू, वेळ पडली तर कोर्टात. पोरगी घरी आली ती थेट गोठ्यात.

"बापावर सरकार घालू, काका? आणि रात्री त्याच टेबलावर जेवायला बसू?"

रडली नाही. बादली मात्र अशी आपटली की तीन गाई बिथरल्या. महिनाअखेरपर्यंत हानोव्हरची खोली पक्की करायची होती. खोली गेली की सगळंच गेलं.

आणि त्याच महिन्यात फोक्कोनं नोटरीची वेळ घेतली. शेत रेंकोच्या नावावर करायला. रेंकोची सही लागणार, माझी माझ्या खोलीपुरती. ओक्काची लागणार, कारण गोठ्याच्या कर्जाच्या वेळी बँकेनं तिचं नाव जमिनीवर चढवायला लावलं होतं आणि फोक्को ते विसरूनही गेला होता. टोमाचीही लागणार, 'मला आणखी काही नको' म्हणून. बघा गंमत. पोरीसाठी एक सही करताना याचा हात मोडत होता, पण पोरीची सही याला फुकट हवी होती.

आमच्याकडे नोटरीला अख्खा कागद मोठ्यानं वाचावा लागतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. नाही वाचला तर सह्या फुकट. म्हणून ते भरभर वाचतात आणि लोक डुलक्या काढतात. मीही काढत होतो. तेवढ्यात ऐकलं:

"बाजूला होणारी वारस टोमा हिला तिच्या हिश्श्यापोटी एक गाभण कालवड, कपाटातील चादरी व टेबलक्लॉथ, आणि लग्न होईपर्यंत वरची खोली..."

"परत वाचा," ओक्का म्हणाली.

नोटरीनं परत वाचलं.

"अजून एकदा. सावकाश. कालवडीपासून."

"ओक्का, चार माणसांत तमाशा नको," फोक्को पुटपुटला.

"माझ्या बापानं हेच वाचून घेतलं होतं. मला फार्मसी शिकायची होती. मला मिळाले बारा टॉवेल, त्यावर माझं नाव विणलेलं. त्याच टॉवेलांनी मी तुझे पाय पुसत आले, फोक्को." तिनं टोमाच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पिशवीतून तो ऑफिसचा कागद काढला. "आईच्या उत्पन्नाचा कागद मी भरून दिलाय. आता तू भर. नाहीतर मी तुझ्या कागदावर सही करत नाही. आज नाही, कधीच नाही."

"घरी जाऊन भरतो."

"इथेच. आणि मोठ्यानं. इथे सगळं मोठ्यानं वाचतात."

नोटरी खिडकीबाहेर बघू लागला. टाइप करणाऱ्या बाईनं टाइप करणं थांबवलं. फोक्को माझ्याकडे वळला. "हाब्बो, तू तरी समजाव हिला."

"मी बाजूला झालेला माणूस," मी म्हणालो. "मी काय बोलणार?"

चाळीस वर्षं हे वाक्य घशात होतं. अहाहा!

फोक्कोनं लिहिलं. ओठ हलले, आवाज नाही.

"ऐकू आलं नाही," ओक्का म्हणाली.

"चौदा हजार युरो," तो म्हणाला. "वर्षाचे."

रेंकोचं तोंड बघायला हवं होतं! त्याची गाडी त्याहून महाग होती. "चौदा?" तो म्हणाला. "बाबा, मग मी घेतोय काय?"

फोक्कोनं सही केली. मग पेन बायकोपुढे केलं. ओक्कानं पेनाला टोपण लावलं.

"तू म्हणालीस, भरलं की सही करशील!"

"मी म्हणाले, नाही भरलंस तर करणार नाही. करेन, पण टोमा डॉक्टर झाली की. आणि हा कागद दर वर्षी नव्यानं भरायचा असतो, विसरू नकोस. दर वर्षी तू तो मला वाचून दाखवायचा."

नोटरीनं फाइल मिटली. पायऱ्या उतरताना टोमानं आईचा दंड धरला होता, पडेल म्हणून नव्हे, उगाच.

पाच वर्षं झाली, टोमाचं हानोव्हरला शेवटचं वर्ष चालू आहे. फोक्कोनं पाचदा वाचून दाखवलंय, स्वयंपाकघरात उभा राहून, शाळेतल्या पोरासारखा. मी तेव्हा मुद्दाम चहाला खाली येतो. त्याची दया येते का म्हणून विचारू नका. अजून नाही आली.

पण तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या घरी तुमच्या पोरीचा असा कागद पडलेला असेल, लाजेपायी ड्रॉवरमध्ये सारलेला. तो चहा तसाच ठेवा. आत्ताच घरी जा आणि त्यावर सही करा.