रुक्माला चाललेली सुई

"आजी, ही सुई तुम्हाला चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"का म्हनून? माझ्या सख्ख्या भनीला चालली. एकाच आईच्या आमी. तिच्या आतड्यातली गाठ आटली, माझी का आटनार न्हाई?"

"आये, बाईंना बोलू दे," लेक शिवानंद पुटपुटला.

"तू गप."

बाईंनी कागदावर चार गोल काढले. माझ्या गाठीच्या चार तुकड्यांतल्या पेशी चार बश्यांत ठेवून, त्यांवर सुईतलं औषध घालून त्यांनी तपासल्या होत्या. सुईतलं प्रथिन म्हणे अंगातल्या पहारेकऱ्यांचा 'मरा' हा निरोप गाठीच्या पेशींना पोचवतं. निरोप पोचताच एका बशीतल्या पेशी मेल्या. दोन बश्यांतल्या ढिम्म. चौथीतल्या उलट वाढल्या. माझ्या बहिणीच्या, रुक्माच्या मात्र सगळ्या मेल्या होत्या.

नंदिगड्ड्याच्या शेतात चाळीस वर्षं कंद लावतेय मी. एकाच कंदाचे तुकडे, एकच राख, एकच वाफा. तरी एक तरारतो, एक कुजतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं? पण रुक्माला गाठीवरचं सलाइनमधलं औषध लागलं नाही, मग मलाही नको, सुईच द्या, म्हणून मी तीन महिने अडून बसले. बाई तेव्हाच ओरडल्या होत्या.

"उशीर झाला व्हय?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "सोमवारी सलाइन सुरू करू."

घरी आलो तर ओट्यावर रुक्मा. बाजारकुणंगहून जीपनं आली होती. आमचे चेहरे बघून तिनं हातातला कागद पदराखाली सारला.

"तुझा रिपोर्ट काय म्हनतो गं?"

"माझंबी काय खरं न्हाई, अक्का."

"रुक्मे, खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. काढ तो कागद."

"नको गं."

"काढ म्हनते!"

नातीला हाक मारली. "नेत्रा, वाच. मोठ्यानं. आनि मला समजंल असं."

नेत्रा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रुक्माआजीची गाठ आता कुठंच दिसत न्हाई."

रुक्मानं तोंडात पदर कोंबला.

"रडतीस कशाला, शहाणे? पुढं वाच गं. सगळं."

खालच्या सहीपर्यंत मी ऐकलं. कागद पार चुरगळला होता. मी तो मांडीवर घेतला, तळव्यानं दाबून सपाट केला आणि रुक्माच्या हातात दिला.