चार वाजताची कडी

बरोबर चार वाजता एस्तेरमावशी आली, "सलाम, सीमाताई" म्हणाली आणि आमच्या दाराची कडी आतून लागली. मी बाहेर. माझ्याच घराच्या बाहेर, पाठीवर दप्तर, पायात अजून शाळेचे बूट!

"झालं सुरू?" शेजारच्या रुपालीकाकूने लसूण सोलता सोलता मान बाहेर काढली.

"रोज अर्धा तास," मी म्हटलं. "तिसरा महिना."

"आधी प्रार्थना, मग पुस्तक, मग पाण्यात बुडवून बाटवतील. तुझ्या आयशीचं काय, आजारी माणूस कशालाही हो म्हणतं. तूच बघ काय ते. मोठी भाषणवाली ना तू?"

तिने टोमणा मारला होता, पण मला तो अगदी पटला. जानेवारीत मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हा मला कळलं की आपल्याला कोणालाही काहीही विचारता येतं. त्याआधी मी वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हे विचारतानाही अडखळायचे. आता अख्खी चाळ तुला टरकते, असं बाबा म्हणायचे. हल्ली ते फार काही म्हणत नाहीत. आईला कॅन्सर निघाला आणि त्याच महिन्यात त्यांचं गोदीतलं वेल्डिंगचं काम सुटलं.

तर, एस्तेर साळवे. मराठी ख्रिश्चन, म्हणून नमस्काराऐवजी सलाम. आमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत एकटी राहते. माझगावच्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होती. जन्मल्यावर मला पहिली आंघोळ तिने घातली, हे ती गॅलरीत सगळ्यांसमोर सांगते. "एवढीशी होती, पण ओरडायची अशी, की डॉक्टरीण कानावर हात ठेवायची!" माझ्या इज्जतीचं काय, याची तिला फिकीर नाही.

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. आणि प्रार्थनाच करायची तर कडी कशाला? आमच्याकडे आरती होते तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत टाळ ऐकू जातात. लपवायचं काही असेल तरच माणूस दार लावतो ना!

एकदा मला शाळेतून यायला उशीर झाला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मावशी विचारत होती, "आणि नखं? नखं कधी काळी पडली?"

"दुसऱ्या केमोनंतर."

"तोंडात फोड आले, तेव्हा काय खाल्लंत?"

"ताक-भात. फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा."

मावशी हे सगळं एका छोट्या वहीत लिहीत होती. मी सरळ आत गेले.

"मावशी, हे लिहून काय करतेस तू?"

तिने वही मिटली. "हल्ली विसरायला होतं गं."

"आईच्या नखांचं तुला काय लक्षात ठेवायचंय?"

"ओवी!" आई ओरडली. म्हणजे ओरडायला गेली आणि खोकला आला.

रुपालीकाकूने उत्तर लगेच शोधलं. "त्यांच्यात साक्ष देतात. चर्चमध्ये उभं राहून सांगायचं, अमकीला असा असा आजार होता, आम्ही प्रार्थना केली, बरी झाली. त्याला सगळी माहिती लागते. पुरावा लागतो!"

आणि पुढच्याच आठवड्यात आईचा स्कार्फ गेला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिचे केस गेले तेव्हा मी स्वतः दादरला जाऊन, सात दुकानं फिरून आणला होता.

"दिला मी एस्तेरबाईंना," आई म्हणाली.

"का?"

"त्यांना आवडला."

"मलाही आवडला होता. म्हणून तर तुझ्यासाठी आणला!"

आई भिंतीकडे वळली. मला रडू येणार होतं, म्हणून मी जोरात भांडी घासली.

मग मंगळवारी शाळेतून येताना मी मावशीला परळला पाहिलं. आईच्याच हॉस्पिटलच्या गेटमधून ती बाहेर येत होती. हातात फाईल.

"मावशी, तू इथे?"

"ओळखीच्या एकीला आणलं होतं."

तिच्या आजूबाजूला कोणीच नव्हतं. फाईल तिने पदराखाली घेतली. आईची फाईल! इतका पुरावा तर टीव्हीवरच्या पोलिसांनाही मिळत नाही.

रविवारी मैत्रिणीकडे जाते सांगून मी माझगावला गेले. मावशी ज्याला देऊळ म्हणते, ते तिचं चर्च. लाकडी बाकं, लांब दांडीचे पंखे, आणि सगळे मराठीत गात होते. का कोण जाणे, मला वाटलं होतं इंग्रजीत असेल. मी शेवटच्या बाकावर एका म्हाताऱ्या आजींशेजारी बसले. मावशी दोन बाकं पुढे होती, डोक्यावर घट्ट पदर. हल्ली ती तो सतत घ्यायची, घरातसुद्धा. देखावा नुसता, मी मनात म्हटलं. ती साक्ष द्यायला उभी राहिली की मीही उभी राहणार होते. भाषण तयार होतं, पाच मुद्द्यांचं.

पाळकांनी, म्हणजे त्यांच्या पाद्रींनी, विचारलं, "कोणाच्या विनंत्या?"

पुढचे एक आजोबा शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, "माझा गुडघा सांगा हो." बाई उठल्या आणि त्यांचा गुडघा सांगितला.

"ते स्वतः का नाही सांगत?" मी आजींना विचारलं.

"स्वतःसाठी उभं राहायचं नाही, बाळा. आपलं नाव दुसऱ्याने घ्यायचं. आमच्या मंडळीत असंच आहे."

मग मावशी उठली. मी पाय टेकवून तयार झाले.

"लालबागच्या सीमाताई. गुरुवारी पाचवं केमो आहे. त्यांचे यजमान उत्तमराव, त्यांना काम मिळावं." ती थांबली. "आणि त्यांची मुलगी ओवी. तिला फार भीती वाटते. ती दाखवत नाही, मोठ्याने बोलते."

माझे कान तापले. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने तिचा पदर खांद्यावर घसरला. खाली निळा स्कार्फ होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. आणि स्कार्फच्या खाली, मानेवर, एकही केस नव्हता.

नखं. ताक-भात. फाईल.

ती फाईल तिची होती.

मावशीने पदर पटकन ओढला आणि बसली. तिचं नाव घ्यायला कोणी उठलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं, तर कोण उठणार?

"आणखी कोणी?" पाळकांनी विचारलं.

मी उठले. दीडशे माणसं मागे वळली, त्यात मावशीही.

"एस्तेर साळवे," मी म्हटलं. "लालबाग."

"कशासाठी, बाळा?"

मावशीने अगदी थोडी मान हलवली. नको. पाचही मुद्दे माझ्या डोक्यातून उडाले.

"तिला भीती वाटते," मी म्हटलं. "ती दाखवत नाही."

परतताना बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत होती. लालबाग आल्यावर एवढंच म्हणाली, "रुपालीला सांगू नकोस हां. अख्ख्या चाळीला कळेल."

"आईला माहितीय?"

"त्यांनीच तर मला हॉस्पिटलच्या रांगेत पकडलं. तुझ्यासारखंच विचारलं, तुम्ही इथे?"

सोमवारी चार वाजता मावशी आली. सलाम. कडी. मी बाहेर, दप्तर पाठीवर.

"काय गं, कळलं का आत काय चालतं ते?" रुपालीकाकूने विचारलं.

"काकू, तुमचं दूध उतू जातंय," मी म्हटलं आणि ती आत पळाली.

दाराला कान लावणं मला आवडत नाही. मी थेट विचारणारी. पण त्या दिवशी लावला. आधी मावशीची प्रार्थना, हळू, एकसुरी. आईचं नाव, बाबांचं, माझं. आमेन. मग आईचा आवाज. खोकत, दम घेत ती चक्क गाऱ्हाणं घालत होती. कोकणात गावी आजोबा देवळात घालायचे, तसं.

"बा देवा म्हाराजा, ह्या एस्तेरचा जा काय दुखणा असात, ता दूर कर म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला समोरून हुंकार लागतो. देवळात अख्खा गाव देतो. इथे आत मावशी एकटीच होती, आणि तिला तो माहीत नव्हता. ती म्हणाली, "आमेन."

मी दाराला कपाळ टेकलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं होतं.

आतून पावलं दाराकडे आली. मग कडी काढल्याचा आवाज आला.