घडीव पिस्टन

शब्बीरने एक पिस्टन सोनाराच्या तराजूत ठेवला आणि समोरच्या पारड्यात दुसरा. पहिलं पारडं किंचित खाली गेलं. पौडच्या पेठेतला नथू सोनार चष्मा सावरत वाकला.

"चार गुंजांचा फरक हाय."

"आतून घासतो. दोन्ही सारखे झाल्याबिगर इंजिनात घालायचे न्हाईत."

"मोटारसायकलीला गुंजेचा हिशेब कशाला रं?"

"ताशी ऐंशी मैलाला गुंजेचा मण हुतो, नथूशेट."

पिस्टन मऊ फडक्यात गुंडाळून तो गॅरेजवर परतला आणि कानस घेऊन बसला.

गाडी कोळवणच्या कुशाबा टेमघऱ्याची. त्याच्या वडिलांनी ती सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. दोन सिलिंडरची, पाचशे सीसीची. कुशाबा ती चालवायचा आणि शब्बीर तिचं इंजिन बांधायचा. पुण्याच्या पलीकडे महायुद्धातली एक ओस धावपट्टी होती. थंडीत तिथे शर्यती व्हायच्या. तीन वर्षं दोघं जोडीने गेले. पंचावन्न साली शेवटच्या फेरीत कुशाबा सगळ्यांच्या पुढे असताना डावा पिस्टन फुटला, मागचं चाक जाम झालं आणि कुशाबाचा गुडघा मोडला तो मोडलाच. पिस्टन ओतीव होता, शब्बीरनेच बसवलेला. पुढची नऊ वर्षं गाडी कोळवणच्या गोठ्यात पेंढ्याआड पडून होती. दोघं बाजारात भेटत, भाताचं, पावसाचं बोलत. तिचं नाव कुणी काढत नसे.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुशाबाने ती बैलगाडीत घालून आणली.

"घडीव पिस्टन घाल. माघात शर्यत हाय."

"आन् तुझा गुडघा?"

"त्याचं मी बघतो. तू इंजिनाचं बघ."

पिस्टन आणायला शब्बीर मुंबईला गेला. दुकानदाराने काचेवर दोन जोड्या मांडल्या. दोन्ही घडीव, म्हणजे धातू साच्यात न ओतता दाबाखाली ठोकून घडवलेल्या. एका जोडीचं डोकं घुमटासारखं उंच होतं, दुसरीचं जवळजवळ सपाट. उंच डोक्याने इंजिनाला जोर चढला असता. पण आपल्याकडच्या पेट्रोलवर ते ठोके देत तापलं असतं, आणि चालवणाऱ्याची जराशी चूक त्याने माफ केली नसती.

शब्बीरने उंच डोक्याचा पिस्टन तळहातावर घेतला. बराच वेळ तो त्याच्या हातातच राहिला.

"शर्यतीसाठी हेच नेतात," दुकानदार म्हणाला. "चालवणार कोण?"

"दोस्त."

त्याने तो हळूच खाली ठेवला.

"सपाट द्या."

शब्बीर स्वतः शर्यतीत कधीच उतरला नव्हता. गाडी कुशाबाची, चालवणार कुशाबा. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. तो दोरीच्या अलीकडे पाना घेऊन उभा राहायचा. एक त्याची बायको रोशनबी तेवढी जाणून होती. दुपारी गॅरेज रिकामं असलं की तिचा नवरा दुरुस्तीला आलेल्या कुठल्याशा मोटारसायकलवर बसलेला तिला दिसायचा. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, आणि हा टाकीवर छाती टेकून, कोपरं आत घेऊन, वेगाची मूठ पिळतोय. ती चहाचा कप घेऊन तशीच मागे फिरायची आणि थोड्या वेळाने दारातून खाकरत यायची.

पौषात इंजिन बांधून झालं. घडीव धातू तापला की जास्त फुगतो, म्हणून शब्बीरने पिस्टनभोवती नेहमीपेक्षा केसभर जास्त जागा सोडली होती. पहिल्यांदा सुरू झाल्यावर गाडी खडखडली. रोशनबी ओट्यावरून म्हणाली,

"कायतरी ढिलं ऱ्हायलंय तुमचं."

"थंड हाय तवर वाजायचंच. तापली की गप हुईल."

पुढचे पंधरा दिवस पहाट उजाडली की तो ती सावकाश मुळशीच्या रस्त्याला नेऊन आणायचा, नवं इंजिन जुळून यावं म्हणून. कितीदा मूठ पिळावीशी वाटली, पिळली नाही. माणूस दुसऱ्याची लेक सासरी पोचवायला निघावा, तसा तो ती गाडी चालवत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कुशाबा एसटीने आला. काठी टेकत गॅरेजपर्यंत चालत आला. शब्बीरने गाडी रस्त्यावर काढून सुरू केली. कुशाबा मान तिरकी करून ऐकत राहिला.

"ह्या टायमाला न्हाई फुटायचा," शब्बीर म्हणाला. "बस. बघ चालवून."

कुशाबा बसला नाही. कोटाच्या खिशातून त्याने शर्यतीचा छापील कागद काढला आणि पुढे केला. शब्बीरने तो बोट फिरवत वाचला. मालकाच्या रकान्यात कुशाबा टेमघरे. खाली चालकाच्या रकान्यात त्याच जाड अक्षरात शब्बीर मुलाणी.

"ह्ये काय?"

"माजा गुडघा वाकतो का? ब्रेक काय काठीनं मारू?"

"मला त्रेचाळीस वर्सं झाली, कुशाबा."

"मला ठावं हाय. मलाबी तेवढीच झाली."

शब्बीर कागदाकडेच बघत होता.

"रोशनबीनं सांगितलं तुला?"

"तिनं कशाला सांगाया पायजे? तीन वर्सं मी गाडीवर बसताना तू कसा बघायचास, ते मला दिसत न्हवतं व्हय?" कुशाबा म्हणाला. "तवा मला गाडीवरनं उतरवंना. खरं ते सांगतो."

समोरून भाताची पोती लादलेली एक बैलगाडी गेली.

"आदी बोलला असतास," शब्बीर अखेर म्हणाला, "तर उंच डोक्याचे आणले असते. लई पळाली असती."

"म्हणून तर बोललो न्हाई."

शब्बीरने कागदाची घडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तेलकट हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले. मग तो गाडीवर बसला आणि त्याने गिअर टाकला. शिवेपर्यंत त्याने वेग आवरून धरला होता. मग आवाज एकाएकी चढला आणि वळणापलीकडे चढतच गेला. कुशाबा काठीवर भार देऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या रोशनबीने विचारलं,

"आता परत कवा यायचे?"

"येतील," कुशाबा म्हणाला. "घाई काय हाय?"