डावी बाजू

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतलं भिमाजींचं वर्कशॉप म्हणजे जीपवेड्यांचं देवस्थान. रविवारी डोंगर चढायची हौस असलेली मंडळी नवस फेडायला आल्यासारखी तिथं यायची. भिमाजी आधी त्यांना शिव्या घालायचे, मग चहा पाजायचे. येवल्याकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा लेथवर असा काही रमला, की त्यानं घडवलेली खिटी नाही अशी जीप या मंडळींत सापडायची नाही.

खिटीचं काम तसं साधं. जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर. वळणावर गाडी एका अंगाला कलंडू नये म्हणून तो चाकांना धरून ठेवतो. पण खडकांवर एक चाक वर आणि एक खाली जायला मोकळीक लागते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिट्या काढून दांडा सोडायचा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा लावायचा. एक बाजू जरी विसरली, तरी दांडा असून नसल्यासारखा. माणूस विसराळू, हे ओळखून भिमाजींनी नियमच घालून दिला होता. उजवी खिटी चालवणाऱ्यानं लावायची, डावी शेजारी बसणाऱ्यानं, आणि आपापली लावली की पत्र्यावर थाप मारून ओरडायचं, "बसली!" दोन हाका आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

त्यांचा मुलगा रवी आणि सून निकिता हा नियम सप्तपदीपेक्षा मनापासून पाळतात, असं मंडळी हसून म्हणायची. आणि त्याच दोघांची जीप पेठच्या डोंगरातून परतताना घाटाच्या वळणावर उलटली. चालवणारा रवी जागच्या जागी गेला. शेजारी बसलेल्या निकिताचा पाय मोडला.

दिवसकार्य उरकलं तरी भिमाजी वर्कशॉपकडं फिरकले नाहीत. पंचनामा करून सोडलेली जीप शेडमध्ये आणून टाकली होती, तिच्याखाली शिरायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आपलीच खिटी मोडली असली तर? आपल्याच हातच्या लोखंडानं लेक गेला असला तर? हे ते कुणाजवळ बोलले नव्हते, पण घास गिळताना, अंघोळ करताना, तेच डोक्यात. शेवटी निकिताच म्हणाली, "बाबा, मला घेऊन चला. काय झालं ते कळल्याशिवाय मला जगता येणार नाही."

प्लास्टरमधला पाय लांब करून ती शटरपाशी खुर्चीवर बसली. भिमाजी टॉर्च घेऊन जीपखाली सरकले. उजवी खिटी जागच्या जागी होती. डावी तिच्या साखळीला लोंबत होती, अखंड, साधा ओरखडाही नाही.

"तुटलं नाय!" ते आतूनच ओरडले. "काहीच तुटलं नाय, पोरी! एक बाजू लावलीच नव्हती नुसती!"

इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला, आणि त्या आनंदात जीभ सैल सुटली. आपण काय बोलून गेलो ते मागाहून कळलं. पण बाण सुटला होता.

"कुठली बाजू, बाबा?"

भिमाजींच्या टॉर्चचा उजेड डाव्या खिटीवरच थांबला.

"मी हाक दिली होती," निकिता म्हणाली. "बसली म्हणून ओरडले, ते आठवतंय. पण आईचा फोन आला होता, मी बोलत होते. खिटीला हात लावला का, तेच आठवत नाही. नुसती सवयीनं ओरडले असेन, तर मीच मारलं ना त्याला?"

"थांब. नीट दिसंना इथं. बघू दे."

ते उजवीकडं सरकले. खिटी निसटू नये म्हणून तिला असते ती क्लिप रवीनं अगदी खालपर्यंत दुमडली होती, बापानं शिकवली तशी. लेकाच्या हातनं झालेलं हे शेवटचं काम, आणि एकदम चोख. भिमाजींनी ती क्लिप उलटी केली. खिटी चिखलानं घट्ट बसली होती, हलेना. शर्टाची बाही तोंडात कोंबून, हुंदका बाहेर जाऊ न देता, त्यांनी ती ओढून काढली. मग मोकळा झालेला दांडा फिरवून डावी बाजू जुळवली आणि डावी खिटी बसवली.

"उजवी," ते खालूनच म्हणाले. "रवीची."

"पण त्यानंही हाक दिली होती!"

"हाक दिली असंल. हात लावला नाय गाढवानं."

निकिता आधी रवीवर भडकली. त्याला नाही नाही ते बोलली, आणि मग हमसून हमसून रडायला लागली. अपघातानंतर ती पहिल्यांदाच रडत होती. भिमाजी जीपखालीच पडून राहिले.

संध्याकाळी जेवताना निकितानं सासूला सगळं सांगितलं. चंद्रभागाबाईंनी हातातलं वाढप थांबवलं.

"अहो, तुमची नजर चुकली असंल," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू गॅसचं बटन दोनदा बघितल्याबिगर झोपायचं नाय. एवढा निष्काळजी नव्हता तो. सांगा ना हिला."

निकिताचा हात ताटातच थांबला. दोघी त्यांच्याकडं बघत होत्या. उद्या हीच गोष्ट सगळ्या मंडळींत होईल, भिमाजीचा पोरगा बापाचाच नियम विसरला म्हणून, हे त्यांना कळत होतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"होता," भिमाजी म्हणाले. "पहिल्यापासनं तसाच होता. तुला दिसलं नाय."

चंद्रभागाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "बाप हाय का कोण हाय तुम्ही?" एवढंच म्हणाल्या आणि वाढणं तसंच टाकून आत गेल्या.

निकितानं डोळे पुसले आणि घास तोंडात घातला. तिच्या ताटातली भाकरी संपत आली होती. भिमाजींनी खाली मान घालून तिला आणखी एक वाढली.