जास्तीचं अर्धं पान

सुनंदाबाई सिल्वासात टोकरखाड्याच्या आपल्या घरात मटार सोलत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या लेकीचा, अश्विनीचा पुण्याहून मेसेज आला. "आई, हे तुझंच पुस्तक ना? लोक केवढं भांडतायत त्यावरून." खाली एक लिंक होती.

अंतराळातल्या साहसांची जी इंग्रजी चित्रपटमालिका अश्विनी लहानपणापासून बघत आली होती, तिचा नववा भाग नुकताच लागला होता. त्या निमित्ताने कुणीतरी मालिकेवरच्या जुन्या पुस्तकांची यादी काढली होती आणि वाचक आपापली मतं लिहीत होते. यादीत सगळ्यात वर होतं 'तिसऱ्या चंद्रावर चाळीस दिवस'. मालिकेवर निघालेली ही पहिलीवहिली कादंबरी. पहिला चित्रपट धो धो चालला म्हणून घाईघाईत लिहून घेतलेली, दुसऱ्याची गोष्टसुद्धा तेव्हा ठरलेली नव्हती. मराठीत ती शहाण्णव साली आली. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात होतं, 'अनुवाद: सुनंदा गावडे'. गावडे हे त्यांचं माहेरचं नाव.

सुनंदाबाईंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"एक तारा," पहिल्याने लिहिलं होतं. "व्हेला आणि डोरन एकमेकांकडे असे काय बघतात? ती जहाजाची दिशादर्शक, तो मेकॅनिक. दुसऱ्या चित्रपटात ती कॅप्टनशी लग्न करते. लेखकाने काही माहिती न घेता लिहिलंय."

"माहिती कुठून घेणार?" दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं होतं. "दुसरा चित्रपट यायचाच होता."

तिसरा म्हणत होता की चित्रपट काढणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलंय, जुनी पुस्तकं आता धरायची नाहीत. त्यांतलं काहीही घडलेलं नाही, तेव्हा वाचलं नाही तरी चालेल. त्यावर कुणी एक बाई उसळल्या होत्या. त्यांना म्हणे हेच पुस्तक खरं वाटतं, कारण पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतानाचं ते आहे.

सुनंदाबाईंना गंमत वाटली. एवढी मंडळी आपल्या वाक्यांवरून हातघाईवर आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग खाली गोकुळ नावाच्या माणसाचं मत आलं.

"मी खडोलीत यार्न कंपनीत आहे. मूळ शिरपूर साइडचा. सिल्वासाच्या शाळेत सातवीला असताना हे पुस्तक लायब्ररीतून वाचलं होतं. शाळेने जुनी पुस्तकं काढली तेव्हा तीच कॉपी घरी आणली. आता इंग्लिशवालं मागवलं आणि दोन्ही बाजूबाजूला ठेवून वाचली. एक गोष्ट समजली नाही. मराठीत पान एकशे बेचाळीसवर अर्धं पान जास्तीचं आहे. इंग्लिशमध्ये जहाज दुरुस्त होतं, दोघं काही न बोलता आत बसतात, चॅप्टर खतम. मराठीत डोरन तिच्याशी बोलतो. पूर्ण पुस्तकात दोघं तुम्ही-तुम्ही करतात, फक्त या अर्ध्या पानावर तो तिला तू म्हणतो. वरून दोघं गवती चहा पितात. बर्फाच्या चंद्रावर गवती चहा कुठून आला? अनुवादकाने मनाचं घातलं का? पण खरं सांगतो, आपल्याला तेच पान सगळ्यात भारी वाटतं."

सुनंदाबाईंनी ते पुन्हा वाचलं. गवती चहा त्यांनी लिहिला नव्हता. त्या पुस्तकातला शब्द न् शब्द त्यांच्या हातून उतरला होता, आणि ते अर्धं पान त्यांचं नव्हतं.

मग कुणाचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

पंचाण्णव साली त्या कुडाळहून इथल्या मराठी शाळेत नोकरीला आल्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. त्यांचा एक मावसभाऊ पुण्यात एका छोट्या प्रकाशकाकडे काम करायचा. त्याने हे काम आणून दिलं. सुनंदाबाईंचं मराठी चांगलं, इंग्रजी जेमतेम. प्रशासनाच्या कचेरीत राजापूरकडचे रघुनाथ शेट्ये म्हणून होते. त्यांचं इंग्रजी फर्डं होतं, आणि तो पहिला चित्रपट त्यांनी वापीला जाऊन तीनदा पाहिला होता. त्यांनी वाचून अर्थ सांगायचा आणि बाईंनी मराठी करायचं, असं ठरलं. दर रविवारी दुपारी ते येत. बाईंच्या घरमालकीण कमळाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसत, आणि त्यांच्यासमोरच टेबल टाकून हे दोघं कामाला लागत. शेट्ये येताना क्वार्टरच्या परसातला गवती चहा वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. दहा महिन्यांत एकही रविवार चुकला नाही.

एक अख्खा रविवार तर एकाच शब्दावर गेला होता. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, मराठीत तू की तुम्ही? शेट्ये म्हणाले, "चाळीस दिवस एका मोडक्या जहाजात राहून कोण कुणाला तुम्ही म्हणेल?"

"कितीही दिवस राहिले तरी आधी कुणीतरी तू म्हणायला लागतं ना," बाई म्हणाल्या होत्या. "ते कुणी म्हटलंय असं पुस्तकात कुठे दिसत नाही."

"बरं," शेट्ये म्हणाले होते. "तुमचं खरं."

मार्चमध्ये कचेरीच्या प्रशिक्षणासाठी ते पुण्याला निघाले. जाताना अनुवादाची पक्की प्रत घेऊन गेले आणि मुद्रितंही तिथेच बसून तपासून आले. मे महिन्यात दहा प्रती आल्या. दोघांची नावं छापा म्हणून बाईंनी प्रकाशकाला दोन पत्रं लिहिली होती, तरी वर एकटीचंच नाव. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की पुस्तक उघडावंसंच वाटलं नाही. चार प्रती त्यांनी शाळेला दिल्या, बाकीच्या कपाटात टाकल्या आणि सुट्टीला कुडाळला गेल्या.

जूनमध्ये शेट्यांची दीवला बदली झाली, बढतीवर. निरोप घ्यायला ते आले तेव्हा चहा होईपर्यंत गप्पच होते. मग म्हणाले, "पुस्तक वाचलंत?"

"वाचलं की," बाई म्हणाल्या. "छान झालंय."

आपणच लिहिलेलं, निम्मंशिम्मं पाठ असलेलं पुस्तक. वाचलं म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, असं त्यांना वाटलं होतं. शिवाय हा माणूस काही न बोलता चाललाय याचं मनात कुठेतरी लागलेलंही होतं. शेट्यांनी कप खाली ठेवला, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि "बरं आहे, येतो" म्हणून निघाले.

त्यानंतर बाईंनी वर्षभर टपालाची वाट पाहिली. दिवाळीला एक छापील भेटकार्ड आलं, त्यावर फक्त सही. आणखी वर्षाने बाईंचं सुधाकर पेडणेकरांशी लग्न झालं. सुधाकर वीजखात्यात होते, स्वभावाने मोकळे आणि बायकोच्या वाचनाचं कौतुक करणारे. त्यांना जाऊन आता चार वर्षं होत होती.

सुनंदाबाई उठल्या. पुस्तक कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अश्विनीच्या शाळेच्या वह्यांमागे सापडलं. पानं पिवळी पडली होती, पण कुणी हात न लावल्याने कडा अजून कोऱ्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच एकशे बेचाळिसावं पान काढलं.

'डोरनने तिच्या हातात गवती चहाचा पेला दिला आणि आपला उचलला. "मला दुसऱ्या जहाजावर पाठवतायत," तो म्हणाला. "अजून हुकूम निघालेला नाही, पण निघेल. तुला सांगायचं होतं, आणि सांगताना नीट सांगता आलं नसतं, म्हणून इथे सांगतोय. तुला या जहाजातून उतरून माझ्याबरोबर यावंसं वाटलं, तर एक शब्द पुरे. नाही वाटलं तर काही बोलू नकोस. मी समजेन, आणि पुन्हा तो विषय काढणार नाही. आपण चांगलं काम केलं, एवढं तर राहीलच." व्हेलाने अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहायला घेतलं. ती काय लिहीत होती, ते त्याला दिसलं नाही.'

अंबाड्यात पेन्सिल खोचायची सवय बाईंची होती. आजही होती. त्यांचा हात आपोआप मागे गेला, आणि मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ बसून राहिल्या. स्वयंपाकघरात निम्मे मटार शेंगांतच राहिले.

शेट्यांचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. कचेरीतल्या निवृत्त लोकांचा एक ग्रुप मंजुषा नावाची बाईंची जुनी मैत्रीण सांभाळत होती. तिने कशाला म्हणून विचारलं नाही, नुसता नंबर पाठवला आणि कळवलं, "राजापूरलाच असतात. तब्येत बरी आहे."

सकाळी दहाला, अंघोळ-पूजा उरकून, बाईंनी फोन लावला.

"शेट्ये बोलतोय."

"मी सुनंदा. सिल्वासाहून. गावडे."

पलीकडून आवाज आला, "बाई."

"कसे आहात?"

"ठीक. आंब्याची दहा कलमं आहेत, त्यांच्यामागे असतो. तुम्ही?"

"मी एकशे बेचाळिसावं पान वाचलं."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"कधी?" शेट्यांनी विचारलं.

"परवा."

"तुम्ही तर तेव्हाच वाचलं म्हणालात."

"खोटं बोलले."

"छान झालंय म्हणालात."

"हो. उघडलंसुद्धा नव्हतं."

ते हसतील की चिडतील हे बाईंना कळत नव्हतं. दोन्ही झालं नाही. शेट्ये हळू आवाजात म्हणाले, "दीवला जाताना मी अख्खा रस्ता हाच विचार करत होतो की, बाईंनी किती सभ्यपणे नाही म्हटलं. जराही न दुखावता. पुस्तकाचं नाव घेतलं, छान म्हणाल्या, विषय संपवला. तुमच्याबद्दलचा आदर वाढलाच माझा. म्हणून तर पत्र नाही लिहिलं. शब्द दिला होता ना, पुन्हा विषय काढणार नाही म्हणून."

"मी वाट बघत होते पत्राची."

"असं का," शेट्ये म्हणाले.

"मला एक सांगायला हवं," बाई म्हणाल्या. "सुधाकर फार चांगले होते. मी दुःखात नव्हते. हे सगळं मनात धरून बसले होते असं नाही."

"माझंही तसंच आहे. बायकोचं, कावेरीचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आत झोपलीय. तिच्याशिवाय माझं पान हलत नाही." ते थांबले. "तरी विचारतो. वाचलं असतंत, तर काय म्हणाला असतात?"

बाईंनी त्याचा विचार दोन दिवस केला होता. "आधी विचारलं असतं, दीवला मराठी शाळा आहे का."

"नव्हती बहुतेक."

"मग शिकवण्या घेतल्या असत्या."

शेट्ये आता हसले. ते हसणं बाईंनी लगेच ओळखलं. त्यांनी फोन जरा लांब धरला.

"तुम्हाला कळलं कसं पण?" शेट्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी गोकुळचं मत वाचून दाखवलं. बर्फाच्या चंद्रावर गवती चहा कुठून आला, या वाक्याला ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याला सांगा, ती मेकॅनिकची चूक होती. मूळ पुस्तकात नसलेलं घालायला नको होतं."

"असं नाही सांगणार मी."

"मग काय सांगाल?"

"बघते," बाई म्हणाल्या. आतून कावेरीबाईंनी हाक मारलेली त्यांना ऐकू आली. शेट्ये म्हणाले, "बाई, ठेवतो. तुम्ही फोन केलात, बरं केलंत." पुन्हा कधी बोलू, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

त्या दुपारी सुनंदाबाईंनी लिंकवरच्या त्या यादीखाली आपलं मत लिहिलं. मराठी टाइप करायला त्यांना वेळ लागे. चार ओळी लिहून त्यांनी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी राहिलं ते असं:

"गोकुळ, मी या पुस्तकाची अनुवादक. खरं तर दोघांपैकी एक. दुसरे रघुनाथ शेट्ये, त्यांचं नाव छापायचं राहून गेलं. तुम्ही म्हणता ते अर्धं पान त्यांचं आहे. मूळ पुस्तकात ते नाही आणि चित्रपटांतही तसं काही घडलं नाही, हे इथल्या सगळ्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ते लिहिलं तेव्हा घडू शकत होतं. पान काळजीपूर्वक वाचल्याबद्दल आभारी आहे. इतक्या वर्षांत ते नीट वाचणारे तुम्ही पहिलेच."

तारे दिल्याशिवाय मत पुढे जाईना. तीन द्यावेत की चार यात थोडा वेळ गेला. त्यांनी चार दिले.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी लिहिलंच, "काकू, सगळं ठीक आहे, पण मालिकेत हे बसत नाही." गोकुळने मात्र वेगळंच विचारलं होतं: "मॅडम, मग व्हेलाने कागदावर काय लिहिलं?"

त्याला त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली, अंबाड्यातली पेन्सिल हाताशी ठेवली आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकतिसाव्या पानावर एक वाक्य अडखळलं. ते त्यांचंच होतं; त्यांनी समासात बारीक फुली केली. पुढे एका ठिकाणी शेट्यांनी सुचवलेला शब्द आला. त्यावरून तेव्हा वाद घातला होता, पण आता वाचताना तोच योग्य वाटला. साडेपाचला खडोलीकडून कंपन्यांच्या बसेस परतू लागल्या तेव्हा त्या साठाव्या पानावर होत्या. जहाज नुकतंच चंद्रावर आदळलं होतं, दुरुस्तीला हातही लागला नव्हता, आणि त्यांना कसली घाई नव्हती.