जोडाच्या शेजारी

माझा दादा गेला तेव्हा त्याचं डोकं एका परक्या गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं. गाडीचा मालक बाहेर स्टुलावर बसून वाट बघत होता, आणि बराच वेळ बघत राहिला. नंतर म्हणाला, "मला वाटलं फॉल्ट अवघड असेल." त्याची चूक नाही. दादा फॉल्ट शोधायला लागला की हलायचा नाही, अगदी मेल्यासारखा पडून राहायचा. तो माणूस बिचारा पुढे कित्येकदा आमच्या घरी येऊन हळहळला, आणि प्रत्येक वेळी निघताना दारात हळूच विचारायचा, "मग आता त्या वायपरचं काय करायचं?"

दादा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. मी त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे अर्धा इलेक्ट्रिशियन. दुकान आता मी चालवतो असं लोक म्हणतात. खरं म्हणजे दुकान चालू असतं आणि मी तिथे असतो.

दादाची स्वतःची गाडी घरासमोर उभी होती. बाबांना ती बघवत नसे. सकाळी खिडकी उघडली की समोर तीच, म्हणून त्यांनी खिडकी उघडणंच सोडलं. आमच्या घरात भर दुपारी दिवा लागायला लागला. शेवटी एकदा जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, "ती विकून टाका. चालवणारा कोणी आहे का घरात?"

कोणीच नव्हतं. मी स्कूटरवाला. वहिनीला गाडी चालवता येत नव्हती.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," वहिनी म्हणाली आणि तिने मला भात वाढला. मी आधीच हात धुतला होता.

वहिनी रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसायची. डावीकडच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागी, चारी दारं लावून. मांडीवर परात आणि परातीत शेंगा निवडायला. का, असं शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "घरात उकडतं." उन्हात उभ्या, बंद गाडीत बसून घरात उकडतं म्हणणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं? शेजारीण म्हणाली, "हो ना, बाई, यंदा फारच."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते डावी काच खाली होईना म्हणून परत गेलं. "इलेक्ट्रिशियनच्या गाडीची काच चालत नाही," तो म्हणाला, "म्हणजे बाकी काय काय असेल, देव जाणे." बाबांचा चेहरा उतरला. दुसरं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्या दिवशी उठल्याउठल्या बाबा मला म्हणाले, "आज ती काच चालली पाहिजे. मला तिसऱ्या माणसाला गाडी दाखवायची नाही."

मी सकाळीच कामाला लागलो. वहिनी आपणहून टॉर्च धरायला आली.

"तुम्ही कशाला, वहिनी? स्टँड आहे माझ्याकडे."

"असू दे, भाऊजी. सवय आहे मला."

खरंच होती. पूर्वी रविवारी दादा घरची कामं काढायचा तेव्हा तीच उजेड धरायची, आणि दादा बोटाने दाखवायच्या आत टॉर्च तिकडे वळायची.

बाकीच्या काचा चालत होत्या, म्हणजे फ्यूज ठीक. ड्रायव्हरच्या दारावर काचांच्या लॉकचं बटण असतं, ते दाबलेलं राहिलं असेल म्हणून बघितलं. नव्हतं. बटण दाबून धरून दारावर एक चापट मारली, कारण मोटर अडकली असेल तर चापटीने जागी होते. दादाची ही पद्धत. तो म्हणायचा, आपल्या धाकट्यावर पण हीच लागू पडते. काच जागची हलली नाही.

मग दाराचं आतलं कव्हर काढलं. मोटरच्या दोन वायरींवर टेस्ट लॅम्प लावला आणि वहिनीला बटण दाबायला सांगितलं. लॅम्प लागला नाही. मग मोटरला सरळ बॅटरीवरून करंट दिला. काच घरघरत खाली गेली, तारा उलट लावल्या तशी घरघरत वर आली.

"मोटर चांगली आहे," मी म्हणालो. "फ्यूजही ठीक आहे. म्हणजे मधेच कुठेतरी..."

"दाराच्या रबरात," वहिनी म्हणाली. "बिजागरीपाशी तुटते ना? दार उघडून लावून, उघडून लावून."

"हो, तिथेच."

"हे नेहमी म्हणायचे, नव्वद टक्के तिथेच." ती इतक्या पटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं. ती टॉर्चकडे बघत होती.

दार आणि गाडीच्या मधे रबराची एक नळी असते, घडीघडीची, आणि सगळ्या वायरी तिच्यातून जातात. मी नळी सोडवून मागे सारली. जाड निळी वायर तुटलेलीच होती. टॉर्चचा उजेड आधी तिच्यावर पडला आणि लगेच बाजूला झाला.

आता वायर वाकून वाकून तुटते तेव्हा तिच्या आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. टोक म्हणजे जुन्या झाडूसारखं दिसतं, पिंजारलेलं, हिरवट पडलेलं. हे टोक चकचकीत होतं, सगळे केस एका पातळीत, आणि ती पातळीही सरळ नव्हती, किंचित गोल होती. दोनदा चावल्यासारखी. पक्कडीने असं कापलं जात नाही. वायर कुठे तुटायला हवी हे कापणाऱ्याला बरोबर माहीत होतं. तुटल्यावर ती कशी दिसते हे मात्र त्याने कधी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी तो टॉर्च धरून दादाच्या तोंडाकडे बघत असणार.

आणि कापलेल्या जागेच्या शेजारी, बोटभर अंतरावर, त्याच निळ्या वायरीवर दादाचा जुना जोड होता. सोल्डरचा डाग दिलेला, वर काळी नळी बसवलेली, बारीक, गुळगुळीत. त्याला हात लागला नव्हता.

टॉर्च आता माझ्या चपलेवर होती. माझी चप्पल छान उजळून निघाली होती.

"तुटलीय," मी शेवटी म्हणालो.

"हो?" वहिनी म्हणाली.

तेवढ्यात बाबा आणि चहा घ्यायला आत बसलेले चष्मेवाले बाहेर आले. चष्मेवाले गोल, हसरे गृहस्थ. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत असे बघायचे की आपला नंबर काढतायत असं वाटावं. "काय म्हणतेय काच?" त्यांनी विचारलं.

"मोटर गेली," मी म्हणालो.

वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"आत्ता तर आवाज आला," चष्मेवाले म्हणाले. "चांगली वर-खाली झाली की. मी दारातून बघत होतो."

"तो शेवटचा होता."

"असं कसं?"

"मोटरीचं असंच असतं. जाताना एकदम तब्येत सुधारते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलणं हेही एक काम आहे, आणि त्यातही मी अर्धाच. "शिवाय वायरही तुटलीय," मी घाईघाईने भर घातली. "आणि ती वायर आता मिळत नाही. निळी आहे ना. निळी बंद केली त्यांनी."

"कुणी?"

"कंपनीने. सगळ्याच निळ्या."

चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढलं. रविवारी गाडी बघायला जाताना भिंग घेऊन जाणारा माणूस आमच्याच नशिबी यावा. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि रबराच्या नळीत बघू लागले. "इथे आधी कोणीतरी जोड दिलाय," ते म्हणाले. "त्याच्याच बाजूला सुटलंय बघा. जोड कच्चा राहिला असणार. होतं असं घाईत."

"त्यानेच दिला असेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "लोकांच्या गाड्या सोन्यासारख्या करायचा. घरचं म्हटलं की उरकून टाकायचं. स्वतःकडे कधी बघितलं त्याने? छातीत दुखतंय म्हणून एकदा तरी बोलला? कच्चं काम. सगळं कच्चं काम करून गेला."

चष्मेवाल्यांनी हळूच भिंग खिशात ठेवलं. मला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती बोललो असतो तर वहिनी उघडी पडली असती.

"बाबा," वहिनी म्हणाली, "ह्यांचा जोड नाही तुटला."

"मग?"

"मी कापली वायर. बाजूला कापली. ह्यांच्या जोडाला हात नाही लावला मी."

मग बाबांनी विचारलं, "कशाने?"

"नेलकटरने."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नेलकटरने? वहिनी, घरात तीन पक्कडी आहेत!"

"त्या ह्यांच्या आहेत," ती म्हणाली.

चष्मेवाले म्हणाले की ते नंतर कधीतरी येतील, घाई नाही, गाड्या काय, खूप असतात. ते दोन पावलं मागेही गेले. पण वहिनीने त्यांना बोलावलं. "इकडे या. जोड ओढून बघा."

"अहो, राहू द्या ताई, माझा विश्वास आहे."

"ओढून बघा ना."

त्यांनी दोन बोटांनी वायर ओढली. "पक्का आहे," ते म्हणाले.

"जोरात ओढा."

त्यांनी जोरात ओढली. जोड जागचा हलला नाही. मग बाबा पुढे आले. खाली बसले, आणि त्यांनीही जोड धरला. ओढला. परत ओढला. मग ओढायचं थांबले, पण सोडला नाही. ती काळी गुळगुळीत नळी अंगठा आणि बोटात धरून ते कितीतरी वेळ तसेच बसले, लहान मुलाची करंगळी धरावी तसे.

"ठेवायची का गाडी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

वहिनीने घराच्या बंद खिडकीकडे बघितलं. ते खिडकी बंद करून अंधारात बसतात हे तिलाही रोज दिसत होतं. आमच्या घरात एकतर गाडी राहू शकत होती किंवा खिडकी उघडू शकत होती, दोन्ही एका वेळी शक्य नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला बघवत नाही. भाऊजी, जोडा."

मी वायर सोलली, पीळ दिला, डाग दिला, नळी चढवून लायटरने तापवली. डाग जरा जास्तच बसला. दादाच्या जोडाच्या शेजारी माझा जोड, बारीक सापाशेजारी उंदीर गिळलेला साप बसावा तसा. वहिनीने बटण दाबलं. काच खाली गेली. परत दाबलं, वर आली. तिने बटणावरून बोट काढलं आणि दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. चष्मेवाले सीटवर बसले, आरसा स्वतःच्या उंचीचा करून घेतला. वहिनी डाव्या काचेपाशी वाकली.

"ही काच जरा हळू वर जाते. ती तशीच आहे, तो फॉल्ट नाही. उगाच कुणाला उघडायला देऊ नका."

"नाही देणार. पण वायर परत तुटली तर?"

"आमच्याकडे आणा," मी म्हणालो.

गाडी गेली. बाबा आत निघून गेले होते. जिथे ती उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग होता आणि बाकी जमीन आजूबाजूपेक्षा स्वच्छ. वहिनी तिथेच उभी राहून वळणाकडे बघत होती.

"तुटेल का हो?" तिने विचारलं.

"जोड माझा आहे, वहिनी," मी म्हणालो. "नक्की तुटेल."

ती हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग ते हसू थांबेना, तिने तोंडावर पदर धरला तरी थांबेना, आणि हळूहळू ते हसू राहिलंच नाही. टॉर्च विझवायची राहिली होती, ती मी विझवली, आणि अवजारं गोळा करत बसलो. सगळी अवजारं आधीच पेटीत होती. मी ती बाहेर काढली आणि परत भरली.